कॅज्युअल्टीच्या भिंतीवरचा ट्रॉमा प्रोटोकॉल: कुणी, कशाने, किती मिनिटांत

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांचे ट्रॉमा प्रोटोकॉल (गंभीर इजेच्या रुग्णासाठी कामाचा ठरलेला क्रम) वाचायला घेतले की बहुतेकदा पहिल्याच ओळीला गाडी अडते. 'ट्रॉमा टीमला पाचारण करा.' रात्री दोन वाजता त्या रुग्णालयात एक वैद्यकीय अधिकारी, एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) असतात. कोणती टीम? पुढच्या ओळींत 'तातडीने सीटी', 'ओ निगेटिव्ह रक्त', 'न्यूरोसर्जनचं मत'. यातलं काहीच चुकीचं नाही, फक्त ते दुसऱ्या कुठल्या तरी रुग्णालयासाठी लिहिलेलं आहे.

तीस ते शंभर खाटांच्या रुग्णालयात अपघाताचे रुग्ण बघणाऱ्या आणि आपला प्रोटोकॉल दुरुस्त करायला बसलेल्या डॉक्टर-सिस्टरांसाठी हा लेख आहे. शेवटपर्यंत एक कसोटी हाताशी ठेवा: प्रत्येक ओळीत माणूस, वस्तू आणि वेळ हवी. तिन्हींपैकी एक जरी गळलं, की ती ओळ रात्री कुणी पाळत नाही.

१. आधी जुने केसपेपर काढा

लिहायला सुरुवात इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलपासून करू नका. एमएलसी (पोलीस केस) रजिस्टर उघडा आणि मागच्या तीस गंभीर अपघाती रुग्णांचे केसपेपर बाहेर काढा. एका कागदावर सात रकाने आखा: इजा झाल्याची वेळ, दारात आल्याची वेळ, पहिला बीपी, ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध), पहिलं अँटिबायोटिक, रेफरचा (मोठ्या रुग्णालयाकडे पाठवण्याचा) निर्णय, अॅम्ब्युलन्स निघाल्याची वेळ.

अर्धे रकाने कोरे राहतील. त्यातही इजा झाल्याची वेळ जवळपास कुठेच सापडणार नाही. 'आरटीए, आज सायंकाळी' (आरटीए म्हणजे रस्ता अपघात) एवढ्यावर भागवलेलं असतं. हा रकाना का महत्त्वाचा, ते चौथ्या टप्प्यात येईल.

याच तीस कागदांवरून आपल्याकडे इजा कशाने होतात तेही लिहून काढा. ऊसपट्ट्यात गाळप हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली सापडलेले, कोकणात आंबा-माडावरून पडलेले, महामार्गालगत दुचाकीवाले, मळणीयंत्रात हात गेलेले. पहिल्या चार प्रकारांसाठी प्रोटोकॉल चोख हवा. भाजलेले आणि सर्पदंश यांचे वेगळे कागद करा. एकाच तक्त्यात सगळं कोंबलं की कुठलंच सापडत नाही.

पडताळणी: सात रकान्यांपैकी किती भरले? चारपेक्षा कमी असतील तर प्रोटोकॉलच्या आधी केसपेपरचा नमुना बदला.

२. खोली पायाने मोजा

रात्री अकरानंतर कॅज्युअल्टीत जा. दिवसा जाऊन उपयोग नाही, दिवसा कपाटाची किल्ली असलेला माणूस हजर असतो. मग एकेक वस्तू मागा: सक्शन चालू करून दाखवा, मोठ्या मापाचे इन्ट्राकॅथ (शिरेत लावायच्या सुया) द्या, चेस्ट ट्यूब (छातीत घालायची नळी) आणि पिशवी कुठे आहे, लहान मुलांचा अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा) कुठे आहे. प्रत्येक वस्तू हातात यायला किती सेकंद लागले ते लिहा.

स्टोअरच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) असणं आणि ट्रॉलीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी काम केलेल्या एका ठिकाणी ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या भरपूर अँप्युल होत्या, पण सगळ्या लेबर रूमच्या कपाटात, बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी. कॅज्युअल्टीच्या सिस्टरला ते औषध आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं. आमचा प्रोटोकॉल कागदावर निर्दोष होता.

सावधान: जी वस्तू नाही, ती प्रोटोकॉलमध्ये लिहायची नाही. तिच्या जागी आज काय वापरायचं ते लिहा. वस्तू आली की ओळ बदला.

३. टेबलाभोवती कोण बसणार

सर्जन, भूलतज्ज्ञ आणि अधीक्षक बसतातच. राहून जातात ते रात्रपाळीची सिस्टर, ड्रेसर, रक्तसाठवण केंद्राचा तंत्रज्ञ, १०८ चा डॉक्टर किंवा चालक आणि आपण जिथे रेफर करतो त्या रुग्णालयातलं कुणीतरी. शेवटचे दोघे नसतील तर रेफरचं पान लिहूच नका. ते एकतर्फी होईल. आठजणांच्या वर मंडळी नकोत आणि दोनपेक्षा जास्त बैठका नकोत.

४. पुराव्यातून काय घ्यायचं, काय बदलायचं, काय सोडायचं

चुकांचं आगर हेच. एखादी विश्वासार्ह मार्गदर्शिका आधाराला घ्या आणि तिच्या प्रत्येक सूचनेपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: 'जसंच्या तसं', 'बदलून' किंवा 'आपल्याकडे नाही'. चार मार्गदर्शिकांतले आवडते परिच्छेद जोडून गोधडी शिवू नका. एकीत बीपीचं लक्ष्य एक, दुसरीत दुसरं, आणि दोन्ही तुमच्या पानावर शेजारी येतात.

*ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड: जसंच्या तसं.* २०१० सालच्या क्रॅश-२ चाचणीत ४० देशांतले २०,२११ रुग्ण होते आणि त्यांत भारतातलेही होते. म्हणजे 'हे परदेशी रुग्णांवरचं' ही सबब इथे चालत नाही. मात्रा सोपी आहे: १ ग्रॅम दहा मिनिटांत, नंतर १ ग्रॅम आठ तासांत. आपल्याकडची अँप्युल ५०० मिलिग्रॅमची असते, म्हणून प्रोटोकॉलवर '१ ग्रॅम' लिहून थांबू नका. '२ अँप्युल, १०० मिली सलाइनमध्ये, १० मिनिटांत' असं लिहा. झटक्यात दिल्यास बीपी पडतो. कुणाला द्यायचं? रक्तस्राव दिसतो आहे किंवा आतून असल्याची शंका आहे, आणि सिस्टोलिक बीपी ९० च्या खाली किंवा पल्स ११० च्या वर आहे, अशा प्रौढ रुग्णाला.

खरी गोम घड्याळात आहे. त्याच चाचणीच्या २०११ च्या विश्लेषणात पहिल्या तीन तासांत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले. तीन तासांनंतर मिळालेल्यांत मात्र ते ३.१ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर गेले. हे तीन तास इजा झाल्यापासून मोजायचे, दारात आल्यापासून नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून फिरून आलेला रुग्ण तुमच्यासमोर पाच मिनिटांपूर्वीचा असतो. औषधाच्या हिशोबाने तो पावणेतीन तासांचा असू शकतो. म्हणून तो रकाना. आणि म्हणून पहिला प्रश्न नाव-गाव नव्हे, 'किती वाजता झालं?' नातेवाइकांना वेळ सांगता येत नसेल तर फोनमधला पहिला कॉल किती वाजताचा आहे ते बघायला सांगा.

दुसरा ग्रॅम बहुतेक ठिकाणी अॅम्ब्युलन्समध्ये हरवतो. तोही लिहा: २ अँप्युल, ५०० मिली सलाइन, आठ तास, मिलिला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब.

*सलाइन: बदलून.* दोन्ही हातांना दोन बाटल्या धावत्या सोडणं ही जुनी सवय आहे. त्याने रक्त पातळ होतं, अंग थंड पडतं आणि धरलेली गुठळी सुटते. एटीएलएस या डॉक्टरांच्या ट्रॉमा प्रशिक्षणक्रमाच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीने सुरुवातीचं सलाइन १ लिटरवर आणलं आणि पुढे लवकर रक्त द्यायला सांगितलं. पण रक्त नाही तिथे काय? इथे तुम्हाला स्वतःचा निर्णय लिहावा लागेल. मी लिहितो तो असा: २५० मिली द्या, मनगटाची नाडी पाहा, लागली तर थांबा, नाही लागली तर आणखी २५०, आणि पहिली बाटली लावतानाच रेफरचा फोन.

*बीपीचं लक्ष्य: बदलून.* बाहेर वाहणारं किंवा पोटातलं रक्त थांबेपर्यंत सिस्टोलिक ८० ते ९० पुरेसं मानतात. डोक्याला मार असेल तर हा नियम उलटा फिरतो. कमी बीपी मेंदूला मारतं. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत वयानुसार १०० आणि ११० असे आकडे आहेत. मी पानावर एकच आकडा ठेवतो: डोक्याला मार, तर ११०. मध्यरात्री वयाचे गट आठवत बसण्यापेक्षा हे बरं. दुचाकीवरून पडलेल्याला बऱ्याचदा दोन्ही इजा असतात. अशा वेळी डोक्याचा आकडा पाळायचा, हे वेगळ्या ओळीत लिहाच.

*ओ निगेटिव्ह: बदलून.* आपल्याकडे आरएच निगेटिव्ह लोक मुळात थोडे, त्यामुळे साठवण केंद्रात ती पिशवी असण्याची शक्यताही थोडी. पुरुषांना आणि मूल होण्याचं वय उलटलेल्या स्त्रियांना जीव जात असताना ओ पॉझिटिव्ह देता येतं. मात्र हा निर्णय त्या रात्री फोनवर घ्यायचा नसतो. रक्तकेंद्राच्या प्रमुखांशी आधी बसून लेखी ठरवा, कुणाच्या सहीने पिशवी सुटेल ते नोंदवा. तंत्रज्ञ रात्री घरी असेल तर त्याला यायला लागणारी मिनिटंही लिहा. मोठ्या प्रमाणात रक्त चढवताना कॅल्शियमची ओळ विसरू नका. पिशवीतलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) ते ओढून घेतं.

*छातीतली सुई: जुना तक्ता बदला.* टेन्शन न्यूमोथोरॅक्ससाठी (छातीत कोंडलेल्या हवेने फुफ्फुस दबतं तेव्हा) दुसऱ्या फासळीखालची जागा दाखवणारी चित्रं अजून भिंतींवर आहेत. प्रौढांसाठी २०१८ पासून एटीएलएस फासळ्यांमधली चौथी-पाचवी जागा सांगतं, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे. लहान मुलांत दुसरीच. नेहमीची आखूड कॅन्युला जाड छातीत आत पोचतच नाही, तेव्हा ट्रॉलीत लांब सुई आहे का ते बघा.

*काय करू नये.* हा चौकोन लाल शाईत छापा. डोक्याला मार म्हणून स्टेरॉइड नको: २००४ च्या क्रॅश चाचणीत १०,००८ रुग्ण होते, आणि दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइड मिळालेल्यांत २१.१ टक्के, न मिळालेल्यांत १७.९ टक्के. वीस वर्षं उलटली, तरी 'डेक्सा देऊन पाठवलंय' अशी चिठ्ठी येते. रक्त जाऊन बीपी पडलेल्याला डोपामिन (बीपी चढवणारं) नको, मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं) नको. नाका-कानातून रक्त किंवा पाणी येत असेल तर नाकातून राइल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) नको. लघवीच्या तोंडाशी रक्त असेल तर कॅथेटर नको.

५. क्रम: वाहतं रक्त आधी

आता पान लिहा. एकच पान, ए-थ्री आकाराचं, चार पावलांवरून वाचता येईल अशा अक्षरात. प्रत्येक ओळ कोण करणार याने सुरू होते. रिकाम्या जागी तुमच्या लोकांची कामं बसवा. सांगाडा साधारण असा:

१. पहिलं मिनिट: मामा किंवा ड्रेसर धो-धो वाहणारी जखम हाताने दाबतो. हात-पाय असेल आणि दाबून थांबत नसेल तर डॉक्टर जखमेच्या वर टूर्निके (रक्त थांबवणारा आवळपट्टा) बांधतात, सांध्यावर नाही. तयार टूर्निके नसेल तर हाताने फुगवायचा बीपीचा कफ चालतो, पण तो गळतो. सिस्टर दर पाच मिनिटांनी बघते. बांधल्याची वेळ चिकटपट्टीवर लिहून त्याच अवयवावर.

२. दुसरं-तिसरं मिनिट: डॉक्टर श्वासाचा मार्ग मोकळा करतात, मान हलू न देता. सिस्टर ऑक्सिजन आणि सक्शन. छातीच्या दोन्ही बाजू ऐकून होतात.

३. पाचव्या मिनिटापर्यंत: सिस्टर दोन मोठ्या सुया लावते, क्रॉसमॅचचं (रक्तगट जुळवणीचं) रक्त काढते, पहिला बीपी मोठ्याने सांगते. पल्सला सिस्टोलिकने भागा. उत्तर एकाच्या आसपास किंवा वर असेल तर बीपी बरा दिसला तरी रुग्ण बरा नाही.

४. दहाव्या मिनिटापर्यंत: ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड सुरू. कमरेचं हाड मोडल्याची शंका असेल तर चादरीचा पट्टा.

५. ओले-रक्ताळलेले कपडे कापून काढणे, ब्लँकेट घालणे, एसी-पंखा बंद करणे: हे मामांचं काम, आणि त्यांच्या नावाने लिहिलेलं असलं तरच होतं. थंड पडलेल्या शरीरात रक्त गोठत नाही.

६. पंधराव्या मिनिटाला रेफर करायचं की ठेवायचं, हा निर्णय.

उघडं हाडफ्रॅक्चर असेल तर पहिलं अँटिबायोटिक एका तासाच्या आत, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. कोणतं अँटिबायोटिक ते तुमच्या रुग्णालयाच्या यादीतलंच लिहा. 'योग्य अँटिबायोटिक द्यावे' ही ओळ मला चार प्रोटोकॉलमध्ये सापडली आहे आणि तिचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

सावधान: चादरीचा पट्टा पोटावर किंवा पँटचा पट्टा येतो तिथे बांधलेला असतो. तो मांडीच्या हाडाच्या बाहेरून हाताला लागणाऱ्या उंचवट्याच्या पातळीवर हवा. शब्दांत सांगून हे जमत नाही. प्रोटोकॉलवर चित्र द्या.

सावधान: डोक्याची मोठी जखम शिवत बसणं दिसायला काम केल्यासारखं असतं. तेवढ्यात पोटातून रक्त जातं. जखम दाबून बांधा, शिलाई नंतर.

पडताळणी: पान ज्याने लिहिलं नाही अशा सिस्टरला द्या आणि विचारा, 'तुम्ही आता काय कराल?' उत्तराला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ती ओळ पुन्हा लिहा.

६. रेफरचं पान

जीव इथे जातात, आणि सगळ्यात कमी शाई याच पानावर खर्च होते. 'गरज भासल्यास उच्च केंद्राकडे संदर्भित करावे', संपलं. गरज म्हणजे काय ते आकड्यांत लिहा: जीसीएस (शुद्धीचा गुणांक) ८ किंवा कमी (असा रुग्ण नळी न टाकता गाडीत चढवायचा नाही), ५०० मिलिनंतरही न लागणारी नाडी, पोटात सोनोग्राफीवर पाणी आणि आपल्याकडे सर्जन नाही, तुटलेला किंवा थंड पडलेला पाय.

क्रम असा: आधी १०८ ला फोन, मग घेणाऱ्या रुग्णालयाला फोन, मग कागद. बहुतेकजण हे नेमकं उलट करतात. चिठ्ठी लिहून झाल्यावर गाडी शोधतात. 'शेजारच्या सेंटरला सीटी करून मग पाठवू' हाही आवडता उशीर. ज्या तपासणीचा निकाल बघून तुम्ही इथे काहीच वेगळं करणार नाही, ती इथे करायची नाही.

फोनवर काय बोलायचं ते चार ओळींत छापून फोनशेजारी चिकटवा: वय आणि कशाने लागलं, इजेची वेळ, सापडलेल्या इजा आणि शेवटचा बीपी-पल्स-जीसीएस, दिलेले उपचार वेळेसह. ट्रॅनेक्सॅमिकची आणि टूर्निकेची वेळ न सांगता फोन ठेवायचा नाही. पलीकडच्या डॉक्टरचं नाव केसपेपरवर.

पोलीस आणि एमएलसीबद्दल अजूनही लोक घाबरतात. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच स्पष्ट केलं आहे की उपचार आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. जखमीला घेऊन आलेल्या वाटसरूला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ संरक्षण देतं. त्याला नाव-पत्त्यासाठी अडवून ठेवू नका, पण इजेची वेळ मात्र जरूर विचारा, बहुतेकदा ती त्यालाच माहीत असते. रस्ते अपघातासाठी २०२५ च्या केंद्राच्या योजनेत नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत. त्याचा फॉर्म कोण भरणार हे ठरवा, आणि तो माणूस ड्रेसिंग करणारा नसावा.

७. रंगीत तालीम

छापण्याआधी तालीम. एका मामांना टेबलावर झोपवा, चिठ्ठीवर कथा लिहा: 'ट्रॉलीचं चाक मांडीवरून गेलं, पन्नास मिनिटं झाली, पल्स १३०, बीपी ८४.' मोबाइलवर वेळ लावा. माणसं रात्रीइतकीच ठेवा. तालमीला सगळे उत्साहाने जमतात आणि मग सगळं छान जमतं.

एकजण नुसता बघत उभा राहतो आणि कुठे हात थांबला ते लिहितो. माणसाला दोष द्यायचा नाही, ओळ शोधायची. दोन वेगळ्या पाळ्यांत एकाच जागी हात थांबला तर प्रोटोकॉल चुकला आहे. तीन तालमी तरी करा, त्यातली एक लहान मुलाची आणि एक गरोदर बाईची. पाच महिन्यांच्या पुढे डाव्या कुशीकडे कलवायचं हे माहीत सगळ्यांना असतं, आठवत कुणालाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची ट्रॉमा केअर चेकलिस्ट याच वेळी जोडून घ्या. ती दोनदा वाचायची असते: पहिली-दुसरी तपासणी संपल्यावर, आणि रुग्णाजवळून हलण्यापूर्वी. मोठ्याने वाचायची. खिशातल्या चेकलिस्टने कुणाची पाठ तपासायची राहिली आहे हे कळत नाही.

८. लावल्यानंतर काय मोजायचं

मृत्यूदर मोजायला जाऊ नका. महिन्याला दहा-बारा गंभीर रुग्ण असतील तर एका मोठ्या अपघाताने आकडा दुप्पट होतो आणि पुढच्या महिन्यात आपोआप खाली येतो. त्यावरून प्रोटोकॉल चांगला की वाईट काहीच ठरत नाही. चार गोष्टी मोजा: इजेची वेळ लिहिलेले केसपेपर किती, पात्र रुग्णांपैकी किती जणांना ट्रॅनेक्सॅमिक तीन तासांत मिळालं, उघड्या फ्रॅक्चरला अँटिबायोटिक तासाभरात किती वेळा, दारापासून अॅम्ब्युलन्स निघेपर्यंतची मिनिटं. सरासरीबरोबर सगळ्यात वाईट केसचा कागदही बैठकीत काढा. शिकायला तोच मिळतो.

घेणाऱ्या रुग्णालयाला महिन्यातून एकदा फोन करून पाठवलेल्यांचं काय झालं ते विचारा. आपल्याला 'बरा होता' वाटलेला रुग्ण तिथे पोचताना कसा होता, हे ऐकण्याइतकं दुसरं कशानेच पान सुधारत नाही.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक, तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचं पद छापा. नाव नको, बदल्या होतात. सहा महिन्यांनी तपासणी. नवीन पान लावताना जुनी सगळी पानं उतरवा: कॅज्युअल्टीतलं, ओटीतलं, आणि सिस्टरांच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवलेलं. ते काचेखालचं नेहमी राहून जातं, आणि रात्री बघितलं जातं तेच.